गुरुवारीही चालणारा घरचा डीएनएस

वायफायच्या सगळ्या दांड्या भरलेल्या, ओएनटीचा, म्हणजे फायबरची तार येते त्या यंत्राचा, दिवा हिरवा, आणि तरी मोबाइलवर पान नुसतं गोल गोल फिरतंय. असं झालं की आमच्या सासूबाई आधी मला हाक मारतात, मग केबलवाल्याला फोन लावतात. पण बऱ्याचदा लाइन ठणठणीत असते. अडलेला असतो डीएनएस, म्हणजे नाव सांगितलं की पत्ता शोधून देणारा. तो गप्प बसला की नेट असून नसल्यासारखं.

हे काम आपल्या घरी घेता येतं. मी सिंहगड रोडवरच्या सोसायटीत, साध्या घरगुती फायबरवर, पाच वर्षं हे चालवतेय. मशीन भारी घेऊन काही साधत नाही, हे पहिल्या सहा महिन्यांतच कळलं. पुण्यात गुरुवारी वीज जाते. पावसाळ्याच्या तोंडावर रस्ते खणले जातात आणि फायबर तुटतं. गणपतीत गावाला जाताना आपण स्वतःच मेन स्विच पाडून जातो. घर अधूनमधून बंद पडणारच, असं धरून मांडणी करायची तयारी असेल तरच या उद्योगात पडा.

एक सूचना आधीच. पत्ते आणि आकडे मी मराठीत लिहितेय. राउटरमध्ये भरताना इंग्रजी आकडेच टाका. सांगायचं कारण, माझ्या एका मैत्रिणीने खरंच मराठी कीबोर्डने भरले होते आणि अर्धा तास राउटरला शिव्या दिल्या होत्या.

विचारणारा हवा की सांगणारा?

डीएनएस या एकाच नावाखाली दोन वेगळी कामं येतात. नवखी माणसं पहिली अडखळतात ती इथे. रिझॉल्व्हर हा विचारणारा. घरातल्या फोनने नाव विचारलं की तो आधी रूट, म्हणजे सगळ्यात वरच्या सर्व्हरला, मग डॉट इन किंवा डॉट कॉमवाल्यांना, मग त्या डोमेनच्या सर्व्हरला विचारत विचारत पत्ता आणतो आणि काही वेळ लक्षात ठेवतो. ऑथॉरिटेटिव्ह सर्व्हर हा सांगणारा. तुमच्या मालकीच्या डोमेनबद्दल कुणीही विचारलं की अधिकृत उत्तर तो देतो.

पहिल्याचं गिऱ्हाईक म्हणजे घरातली चार माणसं. दुसऱ्याचं गिऱ्हाईक सगळं जग. माझ्याकडे दुसरा आहे तो दिरामुळे: तो दिवाळीचा फराळ परदेशी पाठवतो आणि त्याच्या ऑर्डरी वेबसाइटवर नि ईमेलवर येतात. तुम्ही नवीन असाल तर पहिले दोन-तीन महिने फक्त विचारणारा चालवा. तो बंद पडला तर ओरडा घरातल्या घरात राहतो.

डबे दोन, आणि विजेच्या वाटा वेगळ्या

रिझॉल्व्हरला ताकद लागत नाही. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यूसारखा बोटभर बोर्डही चार-पाच जणांच्या घराला पुरून उरतो. पण एक घेऊ नका, दोन ठेवा. दुसरा मात्र विकत आणायची गरज नाही. हिंजवडीला नोकरी करणारं कुणीतरी घरात असतंच आणि माळ्यावर एक जुना लॅपटॉपही असतोच. तो काढा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणजे आयता यूपीएस. दोन गोष्टी तेवढ्या बघा: बॅटरी फुगलेली असेल तर तो वापरायचा नाही, आणि झाकण मिटल्यावर झोपी जायचं नाही हे सेटिंग सिस्टिममध्ये करून घ्यायचं. दुसरी गोष्ट मी विसरले होते. धूळ बसू नये म्हणून सासूबाईंनी झाकण मिटलं आणि डीएनएस झोपला.

राउटर आणि ओएनटीसाठी १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या. तपकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत मिळतो. जाताना दोन्ही अडॅप्टर पिशवीत टाकून न्या. अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर छापलेले असतात. १ अँपिअरच्या यूपीएसवर २ अँपिअरचा राउटर लावला तर तो चालू झाल्यासारखा दिसतो आणि लोड आला की परत परत रीस्टार्ट होतो. पायला ५ व्होल्ट लागतात, त्यामुळे त्याची सोय वेगळी. पायचं मेमरी कार्ड हा आणखी एक नाजूक भाग. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवणारे लॉग बंद करा आणि कार्ड सीसीटीव्हीसाठी मिळतं तसं टिकाऊ घ्या.

दोन्ही डबे केबलने राउटरला जोडा. पाय झीरोला केबलचं तोंड नसतं, त्याला यूएसबीचा लॅन अडॅप्टर लागतो. वायफायवरही चालतं, पण भिंतीपलीकडे मायक्रोवेव्ह असेल तर मी ते करणार नाही.

पत्ते पक्के करा

बऱ्याच घरी राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो. राउटर जे पत्ते आपोआप वाटतो त्याची सुरुवात .१० पासून करा आणि डब्यांना .२ आणि .३ कायमचे द्या. डीएनएसचा पत्ता बदलला की घरातलं प्रत्येक यंत्र चुकीच्या दारावर जाऊन उभं राहतं.

अनबाउंड बसवणं

रिझॉल्व्हर म्हणून मी अनबाउंड वापरते. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्सचं हे मोफत सॉफ्टवेअर डेबियन आणि रास्पबेरी पायच्या सिस्टिममध्ये पॅकेज म्हणून मिळतं. बसवलं की लगेच चालू होतं, फक्त स्वतःपुरतं. घरातल्या इतरांना उत्तर देण्यासाठी कॉन्फिग फाइलमध्ये दोन गोष्टी लागतात. इंटरफेसच्या ओळीत ०.०.०.० लिहा, म्हणजे तो सगळीकडून ऐकेल. आणि अ‍ॅक्सेस-कंट्रोलच्या ओळीत १९२.१६८.१.०/२४ ला परवानगी द्या, म्हणजे उत्तर फक्त घरच्यांना. उबुंटूवर पोर्ट ५३, म्हणजे डीएनएसचं ठरलेलं दार, सिस्टिमच्याच एका सेवेने आधी अडवलेला असतो. तिचा स्टब लिसनर, म्हणजे त्या दारावर ऐकणारा भाग, बंद केल्याशिवाय अनबाउंड चालू होत नाही.

आणखी दोन पर्याय सुरू करा. प्रीफेच, म्हणजे नेहमी लागणाऱ्या नावांची मुदत संपत आली की तो आपणहून ताजं उत्तर आणून ठेवतो. आणि सर्व्ह-एक्स्पायर्ड: पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नसेल तर शिळं का होईना, उत्तर मिळतं. रात्रीच्या नऊला सगळी बिल्डिंग मॅच बघत असते तेव्हा याचा फरक कळतो. बाकी पर्याय पहिल्या दिवशी हलवू नका.

एक गोष्ट मात्र कधीच करायची नाही: रिझॉल्व्हरसाठी राउटरमधून पोर्ट ५३ बाहेर उघडणं. असे उघडे रिझॉल्व्हर हल्लेखोर भोंग्यासारखे वापरतात. छोटा प्रश्न दुसऱ्याच्या नावाने विचारायचा आणि मोठं उत्तर त्याच्या अंगावर सोडायचं. मार्च २०१३ मध्ये स्पॅम रोखणाऱ्या स्पॅमहाउस संस्थेवरचा गाजलेला हल्ला याच पद्धतीचा होता.

मध्ये कुणी दुसराच उत्तर देतोय का?

काही ठिकाणी इंटरनेट पुरवणारे पोर्ट ५३ वरचे सगळे प्रश्न वाटेतच पकडतात आणि स्वतःच्या सर्व्हरने उत्तर देतात. मग अनबाउंड कितीही नीट बसवा, तो विचित्र वागतो. याची परीक्षा सोपी आहे. १९२.०.२.१ हा पत्ता पुस्तकातल्या उदाहरणांसाठी राखून ठेवलेला आहे, तिथे कुणीच राहत नाही. डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या कमांडने त्या पत्त्याला कुठलंही नाव विचारा. उत्तर येता कामा नये. आलं, तर वाटेत कुणीतरी बसलाय.

तसं असेल तर रूटपासून विचारत जायचा हट्ट सोडा. अनबाउंडला सांगा की सगळे प्रश्न टीएलएसमधून, म्हणजे कुलूपबंद जोडणीतून, पोर्ट ८५३ वरून ९.९.९.९ आणि १.१.१.१ या सार्वजनिक रिझॉल्व्हरना पाठव. पाकीट बंद करून दिल्यासारखं. वाटेतल्याला वाचताही येत नाही आणि बदलताही येत नाही.

राउटरला सांगणं, आणि फसवा दुसरा रकाना

राउटरच्या डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते आपोआप वाटण्याच्या, पानावर डीएनएससाठी दोन रकाने असतात. बहुतेक जण पहिल्यात घरचा डबा आणि दुसऱ्यात गूगलचा ८.८.८.८ भरतात, अडीनडीला असावा म्हणून. पण दुसरा रकाना हा राखीव खेळाडू नव्हे. बरीच यंत्रं दोघांपैकी कुणालाही विचारतात. मग जाहिराती अडवण्यासाठी पाय-होल लावलं असेल तर जाहिराती कधी दिसतात, कधी नाही, आणि कारण सापडत नाही. दोन्ही रकान्यांत घरचेच पत्ते भरा: .२ आणि .३. दोन डबे त्यासाठीच तर घेतले.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, विसरू नका. राउटर त्या वाटेने स्वतःचा डीएनएस वेगळा जाहीर करत असतो आणि फोन तिकडेच वळतात. एकतर तिथेही घरचे पत्ते द्या, नाहीतर आयपीव्ही६ मधून डीएनएस वाटणं बंद करा. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये यातलं काहीच बदलता येत नाही. तिथे राउटरचं डीएचसीपी बंद करून ते काम डब्याला देणं हा उपाय आहे. आणि अँड्रॉइड फोनमध्ये प्रायव्हेट डीएनएसच्या जागी कुणी नाव भरून ठेवलं असेल तर तो फोन तुमच्या डब्याकडे ढुंकूनही पाहणार नाही.

घड्याळ

हे मी गणपतीनंतर शिकले. आठ दिवस कोकणात होतो, मेन स्विच पाडलेला. लॅपटॉप तेव्हा नव्हता, दोन्ही डबे पायच होते. परत आलो, स्विच लावला, सगळे दिवे लागले आणि एकही साइट उघडेना. राउटर बदलायची भाषा सुरू झाली. रात्री साडेअकराला, बॅगा तशाच ठेवून, मी पायवर तारीख विचारली. तो अजून आम्ही निघालो त्या दिवशीच होता.

घडलं ते असं. जुलै २०१० पासून रूट झोनवर, म्हणजे सगळ्यात वरच्या यादीवर, डिजिटल सही असते आणि अनबाउंड त्या सह्या तपासतो. प्रत्येक सहीला कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते. पायमध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. बंद पडताना जी वेळ होती तिथूनच तो पुढे मोजतो. आठ दिवस मागे असलेल्या पायला आजची सही उद्याची वाटते, म्हणून तो ती खोटी ठरवतो. बरं, वेळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हर हवा, आणि त्याचं नाव शोधायला डीएनएस हवा. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप.

उपाय दोन, आणि दोन्ही करा. टाइम सर्व्हरच्या यादीत नावांऐवजी एक थेट पत्ता टाका, गूगलचा २१६.२३९.३५.० चालतो. आणि पायवर डीएस३२३१ या नावाचं छोटं घड्याळाचं मॉड्यूल लावा. पासोड्या विठोबाजवळ सुट्या भागांच्या दुकानात आरटीसी मॉड्यूल म्हटलं की देतात. लॅपटॉपला हा त्रास नाही, त्याचा सेल शाबूत असेल तोवर.

सह्या खरंच तपासल्या जाताहेत ना, हेही बघा. डीएनएसएसईसी-फेल्ड डॉट ऑर्ग हे डोमेन मुद्दाम चुकीच्या सहीचं ठेवलेलं आहे. ते उघडलं नाही तर तुमचं बरोबर चाललंय.

आता सांगणारा: घरी ठेवा, पण दाखवू नका

पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस मांडला. १९८७ च्या आरएफसी १०३४ मध्येच (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे कागद) लिहिलंय की प्रत्येक झोन, म्हणजे एका डोमेनच्या सगळ्या नोंदी, किमान दोन सर्व्हरवर हवा. नवखी माणसं हे वाचून घरात दोन डबे ठेवतात आणि नियम पाळला म्हणतात. पण दोन्ही डबे एकाच फायबरवर असतील तर जेसीबीच्या एका दाताने दोन्ही जातात. १९९७ च्या आरएफसी २१८२ ने तेच बजावलं आहे: सर्व्हर वेगळ्या जागी, वेगळ्या नेटवर्कवर हवेत. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप नि इन्स्टाग्राम जवळपास सहा तास जगातून नाहीसे झाले. त्यांच्या स्वतःच्या नेटवर्कचा बाहेरचा रस्ता तुटला आणि सगळे नेमसर्व्हर, म्हणजे सांगणारे, त्याच नेटवर्कमागे होते.

म्हणून घरच्या डब्यावर झोनची मूळ फाइल ठेवायची, पण त्याचं नाव जगाला सांगायचं नाही. याला छुपा प्रायमरी म्हणतात. बाहेर दोन सेकंडरी असतात, ते घरून प्रत घेतात आणि जगाला तेच उत्तरं देतात. घर दहा दिवस बंद राहिलं तरी बाहेर कुणाला पत्ता लागत नाही.

आधी बघा, तुमच्या घरापर्यंत बाहेरून येता येतं का. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एक सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, बाहेरून कुणी दार वाजवूच शकत नाही. यासाठी स्टॅटिक आयपीचे, म्हणजे कायमच्या सार्वजनिक पत्त्याचे, पैसे भरायची गरज नाही. मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये सगळ्यात लहान व्हीपीएस, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने घ्या आणि घरच्या लॅपटॉपवरून तिथपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका. जोडणी घरातून बाहेर जाते, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही. कीपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जागी ठेवणारा ठोका, २५ सेकंद ठेवा, नाहीतर वाट मधेच बुजते.

घरी आणि व्हीपीएसवर दोन्हीकडे मी एनएसडी वापरते. तेही एनएलनेट लॅब्सचंच आणि ते फक्त सांगायचं काम करतं, त्यामुळे चुकून उघडा रिझॉल्व्हर होण्याची भीती नाही. व्हीपीएस बोगद्यातून झोन ओढतो. दुसरा सेकंडरी वेगळ्या कंपनीचा, जमल्यास वेगळ्या देशातला घ्या. फुकट सेकंडरी सेवा आहेत. हरिकेन इलेक्ट्रिकची त्यांपैकीच एक. तिला व्हीपीएसकडून प्रत घ्यायला लावा, म्हणजे घराला कुणीच बाहेरून विचारत नाही. प्रत कुणी न्यायची यावर पत्त्याचं बंधन घाला, आणि सोय असेल तिथे प्रत मागणाऱ्याची ओळख पटवणारी टीसिगची किल्लीही. व्हीपीएसवर पोर्ट ५३ यूडीपी आणि टीसीपी या पाठवणीच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडा. टीसीपी विसरणारे बरेच असतात, आणि झोनची प्रत टीसीपीवरूनच जाते.

शेवटी डोमेन जिथून घेतलंय त्या रजिस्ट्रारकडे फक्त या दोन बाहेरच्या सर्व्हरची नावं द्या. नेमसर्व्हरचं नाव तुमच्याच डोमेनमधलं असेल तर त्याचा पत्ताही तिथे नोंदवावा लागतो, त्याला ग्लू म्हणतात.

झोनच्या फाइलमधले तीन खड्डे

पूर्ण नावाच्या शेवटी टिंब हवं. ते राहिलं की सर्व्हर डोमेनचं नाव पुन्हा एकदा मागे चिकटवतो आणि मेलचा सर्व्हर कुणाला सापडत नाही. डोळ्यांना ते टिंब दिसत नाही, म्हणून फाइल चालू करण्याआधी एनएसडीबरोबर येणाऱ्या तपासणीच्या कमांडने तपासा आणि निघालेली नावं मोठ्याने वाचा.

सिरियल नंबर प्रत्येक बदलाला वाढवा. तारीख आणि दोन आकडे अशी पद्धत आहे: २०२५१०१८०१, त्याच दिवशी पुन्हा बदल केला तर २०२५१०१८०२. वाढवला नाही तर सेकंडरी जुनीच प्रत धरून बसतात.

तिसरा खड्डा एक्स्पायरचा. घराशी संपर्क तुटल्यावर सेकंडरीने प्रत किती काळ खरी मानायची, ती मुदत. प्रत नेहमी ताजी राहावी म्हणून मी हौसेने ८६४०० ठेवले होते, म्हणजे एक दिवस. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी संध्याकाळी कोपऱ्यावर खणताना आमचं फायबर तुटलं. रविवारी रात्री दिराचा फोन.

"वहिनी, साइट उघडत नाहीये. न्यू जर्सीहून तिघांनी सांगितलं."

"अहो, आपल्याकडे लाइन नाहीये, पण साइट बाहेर आहे, ती चालायला हवी."

"मग तुम्हीच उघडून बघा."

मोबाइलच्या डेटावरून बघितलं. दोन्ही सेकंडरी जिवंत, पण विचारलं की सर्व्हफेल, म्हणजे उत्तर देता येत नाही. एक दिवस पूर्ण होताच दोघांनी माझ्याच सांगण्यावरून झोन टाकून दिला होता. मेल बुडाले नाहीत, पाठवणारे सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतात. पण त्या रात्रीच्या चकल्या कुणी मागवल्या असत्या ते कळायला मार्ग नाही. आरएफसी १९१२ दोन ते चार आठवडे सांगते. आता माझ्याकडे २४१९२०० सेकंद आहेत, म्हणजे २८ दिवस. रिफ्रेश, म्हणजे नवी प्रत आहे का हे विचारायचं अंतर, एक तास; रिट्राय, म्हणजे ते फसल्यावर पुन्हा विचारायचं अंतर, पंधरा मिनिटं.

गुरुवारची परीक्षा

वीज जायची वाट बघू नका, आपणच पाडा. आधी पायची पिन काढा आणि घरातल्या सगळ्या फोनवर एखादी कधी न उघडलेली साइट उघडा. पाच सेकंदांचा झटका बसेल कदाचित, पण उघडायला हवी. पाय लावून लॅपटॉपचं तेच करा. मग मेन स्विच पाडा आणि राउटर यूपीएस किती वेळ टिकतो ते मोजा. सांगणारा चालवत असाल तर ओएनटी बंद करून मोबाइल डेटावरून दोन्ही सेकंडरींना सिरियल विचारा, तो सारखाच यायला हवा. हे वर्षातून दोनदा करा. माझे दिवस ठरलेले आहेत, गणपतीच्या आधीचा आणि दिवाळीच्या आधीचा गुरुवार.

आणि राउटरवर एक कागद चिकटवा. आमच्याकडच्या कागदावर सासूबाईंच्या अक्षरात लिहिलंय: "काळा लॅपटॉप मिटू नये. पांढऱ्या डबीचा दिवा गेला तर पिन काढून परत लावावी. तरी चालेना तर वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ९.९.९.९ करावे. मग सूनबाईंना फोन."